सव्वीस जानेवारीचा खाऊ

चंद्राबाईशी मी दोन वर्षं भांडलो आणि दोन्ही वर्षं हरलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तिचं कौतुक करायला लागलो की कुणी म्हणायला नको, हेडमास्तर गाडेवालीचा चहा प्यालेला दिसतोय. चहा प्यालो हे खरं आहे, पण ते फार नंतर.

मी गंगाधर. राहायला सांगलीत आणि नोकरी आष्ट्याच्या पलीकडं सात किलोमीटरवरच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. पहिली ते सातवी, मुलं दोनशे बारा. रोज उसाच्या ट्रॅक्टरमागून मोटरसायकल हाणत जायचं, त्यामुळं शाळेत पोचेपर्यंतच माझं डोकं तापलेलं असतं. त्यात फाटकासमोर पहिलं दर्शन चंद्राबाईच्या गाड्याचं. चार चाकांचा गाडा, वर पत्रा, आणि पत्र्याला लाल-निळ्या-पिवळ्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या. आत मूठभर कुरकुरीत काहीतरी, बाकी सगळी हवा, आणि तळाशी एखादं प्लास्टिकचं खेळणं. सकाळी नऊपासून पोरं त्या माळांखाली तोंड वर करून उभी.

मी नोटीस लावली. परिपाठाला भाषण दिलं. दप्तरं तपासली. मुलांनी पाकिटं मोज्यांत लपवली. एकानं तर आतला माल चुरून कंपासपेटीत भरला होता. कर्कटकाला मसाला लागलेला मी स्वतः पाहिला. दुपारी पोषण आहाराची खिचडी ताटात तशीच राहायची. गावातली कुत्री गुटगुटीत झाली, माझी पोरं मात्र काही काडीसारखी तर काही नुसतीच फुगलेली. पळायला सांगितलं की मैदानाच्या निम्म्यातच धापा टाकायची.

शेवटी मी नियमावर बोट ठेवलं. शाळेच्या पन्नास मीटरांत असली पाकिटं विकायची नाहीत. लांब उडीची टेप घेतली आणि भर दुपारी मोजायला गेलो. गाडा अठ्ठेचाळीस मीटरवर होता. चंद्राबाई शांतपणे उठली, नातीला म्हणाली, "शिवी, त्या बाजूनं धर गं," आणि दोघींनी गाडा मागं ढकलला.

"आता मोजा, गुरुजी," ती म्हणाली.

मोजलं. एक्कावन्न भरलं. फाटकावर निम्मी शाळा उभी राहून हे बघत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शिवी म्हणजे शिवांजली, चंद्राबाईची नात, आमच्या चौथीतली. बाप वीरधवल फौजेत, कुठंतरी बर्फातल्या ठाण्यावर. आई दीपमाला दिवसभर शेतात आणि जनावरांत. पोर आजीच्या हवाली. शाळेआधी गाड्यावर, मधल्या सुट्टीत गाड्यावर, शाळा सुटल्यावरही गाड्यावर. हात वर करायचा आणि आवडेल ते पाकीट ओढायचं. अख्ख्या शाळेला तिचा हेवा वाटायचा.

गेल्या जुलैमध्ये एका सकाळी परिपाठाला प्रतिज्ञा म्हणता म्हणता शिवी खाली कोसळली.

मी तिला उचललं. नऊ वर्षांची पोर, पण वजन पहिलीतल्या मुलीचं. चंद्राबाई गाडा उघडाच टाकून अनवाणी धावत आली. एक जीप मिळाली, तिनं आष्टा गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली आणि म्हणाले, वेळ घालवू नका, मिरजेला न्या. मिरजेत रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सहा. बाटली लावली. मग एक तरुण डॉक्टरीणबाई वही घेऊन आल्या आणि त्यांनी विचारलं, "आजी, ही दिवसभर काय काय खाते?"

चंद्राबाई ताठ बसली. "आवं, हिला काय कमी हाय? दुकान घरचं हाय. मागंल ती मिळतंय."

"काय काय, ते सांगा."

चंद्राबाईनं सांगायला सुरुवात केली. सकाळी पिवळं पाकीट. मधल्या सुट्टीत लाल. दुपारी जेवत नाही, मग उपाशी राहायला नको म्हणून आणखी एक. संध्याकाळी रंगीत पाणी, ते पोरीला लय आवडतं. पाकिटांची नावं ती एकेक करून घेत होती आणि प्रत्येक नावागणिक तिचा आवाज खाली येत होता. पाचव्या की सहाव्या नावाला ती थांबली. डॉक्टरीणबाईंनी वही मिटली.

बाहेर बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "कुंपणानंच शेत खाल्लं, गुरुजी."

दोन वर्षं मी तिला हेच तर सांगत होतो. आता तोंडावर म्हणायची संधी आली होती, पण देवाशपथ, मला बोलवेना.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वीरधवलचा. तिनं पदरानं डोळे पुसले, घसा खाकरला आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "समदं बरं हाय रं. शिवी? शिवी निजलीया. व्हय, जेवली की."

काचेपलीकडं शिवीच्या हातात सुई होती.

फोन ठेवून तिनं माझ्याकडं पाहिलं. "वीरूला ह्यातलं काय बी कळाय नगं, गुरुजी. दीपमालेला आन शिवीला म्या सांगतीया, तुमी बी बोलू नगा. तिकडं बर्फात हुबा हाय त्यो. पोर माज्या जिवावर टाकून गेलाय."

या गावात दर दुसऱ्या घरातला एकजण फौजेत आहे आणि सगळ्या घरांचा दंडक एकच: सीमेवरच्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. बाप गेला तर 'जरा बरं न्हाई' म्हणायचं, घर जळालं तर 'कौलं बदलतोय' म्हणायचं. मी सांगलीचा, मला हे सगळं विचित्र वाटायचं. पण त्या बाकावर मी मान डोलावली.

चार दिवसांनी शाळेत आलो तर गाड्यावर एकही माळ नव्हती. मला आधी वाटलं चोरी झाली. पत्र्याखाली चार डबे मांडलेले: फुटाणे, शेंगदाणे-गूळ, परतलेले हुलगे, आणि घरी केलेलं भडंग. शेजारी पाटीत पेरू. आणि मागं चंद्राबाई, युद्धाला बसल्यासारखी.

आठ दिवस एक पोर फिरकलं नाही. सगळी स्टँडजवळच्या दुकानात पळायची. मी मनात म्हटलं, दोन वर्षं मी मोडलो, आता ही मोडणार. मग एका दुपारी तिनं मला हाक मारली.

"गुरुजी, पोरं पाकीट फोडत्यात तवा कवा नीट बघितलंय का?"

"हजारदा."

"न्हाई बघितलं. एकजण धरतंय, एकजण वडतंय, आन चारजण आत डोकावत्यात. त्यास्नी खायाचं नसतंय, आत काय हाय ती बघायचं असतंय."

मी तीस वर्षं मुलांना शिकवतोय. बी.एड.ला बालमानसशास्त्रात पहिला वर्ग आहे. हे मला कधी दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून भडंग पुड्यांतून मिळायला लागलं. जुन्या वर्तमानपत्राच्या नव्हे. शाईचा कागद नको असं डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या म्हणे, म्हणून कोऱ्या कागदाच्या, घट्ट तोंड मुडपलेल्या. आणि प्रत्येक पुडीत तळाशी काहीतरी वेगळं. एकीत बेदाणे, एकीत खोबऱ्याचा काप, एकीत आवळकाठी, एखादीत चक्क अक्रोडाचा तुकडा. कुणाच्या पुडीत काय, हे चंद्राबाईलाही ठाऊक नसायचं. शिवाय पुडी घेतली की एक कोडं, आणि उत्तर आलं तर वर मूठभर शेंगदाणे.

"मातीखाली पाळणा, पाळण्यात दोन भाऊ, पाळणा फोडल्याबिगर भाईर येत न्हाईत. सांग काय?"

पहिला ओरडला तो आमचा सर्वांत मुखदुर्बळ धुळा, वर्गात ज्याच्या तोंडून हजेरीचं 'हजर'सुद्धा निघायचं नाही: "शेंग!" त्या दिवशी गाड्याभोवती तीस पोरं होती. पंधरा दिवसांत स्टँडवरचं दुकान ओस पडायला लागलं. तो दुकानदार तणतणत आला, तर या बाईनं त्यालाच बसवून पुडी बांधायला शिकवलं. मी शिक्षक म्हणून जगलो, पण शिक्षक ती होती. हे मी आता कुणालाही सांगतो, सांगलीत आमच्या सोसायटीतसुद्धा सांगतो.

पंधरा ऑगस्टला गावानं ठराव केला. शाळेत पाकीट आणायचं नाही, वाढदिवसाला वाटायचं नाही, झेंडावंदनाच्या खाऊतसुद्धा द्यायचं नाही. हात वर करणाऱ्यांत चंद्राबाई पहिली. खिचडीची पातेली रिकामी व्हायला लागली. डिसेंबरात शिवीचं हिमोग्लोबिन अकरा आलं आणि ती खो-खोत माझ्याच पाठीवर थाप मारून पळून गेली.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग वीरधवल रजेवर आला.

आमच्याकडं झेंडावंदनाला खाऊ देणं ही मोठी मानाची गोष्ट आहे. कुणाला बढती मिळाली, कुणाचा मुलगा लागला, की तो शाळेला खाऊ देतो आणि माइकवरून त्याचं नाव पुकारलं जातं. गाव ते नाव वर्षभर लक्षात ठेवतं. वीरधवल नुकताच नायब सुभेदार झाला होता. चोवीस तारखेला तो जीप घेऊन थेट शाळेत आला. उंच, रापलेला, हसरा माणूस. जीपमध्ये आठ खोकी. सांगलीहून आणलेली पाकिटं, लाल-निळी-पिवळी.

"सर, लय दिवसांची इच्छा हाय," तो म्हणाला. "आमी हितं शिकत हुतो तवा सव्वीस जानेवारीला एक लिमलेटची गोळी मिळायची. ती बी संपायची शेवटच्या रांगंपर्यंत. तिकडं रात-रात हुबा राहून मी ठरवलं हुतं, आपला खाऊ असा पायजे की पोरं नाचली पायजेत."

"वीरधवल, ते खरं आहे, पण..."

"आन आईला सांगू नगा. तिला माइकवरनंच कळू द्या."

आता सांगा, मी काय म्हणायचं होतं? ठराव आहे, हे म्हणायचं होतं. दोन शब्दांचं वाक्य. पण समोर बर्फातून आलेला माणूस, परवा प्रजासत्ताक दिन, आणि 'का' म्हणून विचारलं तर उत्तर शिवीपर्यंत जाणार. मी यादी काढली आणि त्याचं नाव लिहिलं. पाच महिने कुणाला न मोडता आलेला ठराव मी एका मिनिटात मोडला, आणि वर स्वतःची समजूत घातली की एका दिवसानं काय होतंय.

सव्वीसला सकाळी झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, पोरांनी कवायत केली. चंद्राबाई फाटकाच्या आत, चपला काढून, नेहमीच्या जागी उभी होती. वीरधवल गणवेशात पुढं. मी यादी वाचायला लागलो. केळी, अमुक यांच्याकडून. राजगिऱ्याचे लाडू, तमुक यांच्याकडून.

"आणि नायब सुभेदार वीरधवल यांच्याकडून..."

टाळ्या कडाडल्या. खोकी फुटली. दोनशे बारा पोरांच्या तोंडून एकच आवाज निघाला, तो आनंदाचा होता की सुटकेचा, देव जाणे. मी मात्र चंद्राबाईकडं बघत होतो. आधी ती मुलाच्या नावाला फुलली. मग तिला पाकिटं दिसली.

मला वाटलं ती गप्प राहील. राहिली असती तर कुणी दोष दिला नसता, मी तर नाहीच. सहा महिने तिनं ते पोटात ठेवलं होतं आणि अजून दहा दिवसांत मुलगा परत जाणार होता. पण ती पोरांच्या रांगांमधून सरळ चालत आली आणि तिनं माझ्या हातातून माइक घेतला.

"वाटू नगा," ती म्हणाली. "ह्यो माजा ल्योक हाय. त्येच्या हातचा खाऊ मी माघारी घेतीया. त्येचा दोष न्हाई. त्येला म्या सांगितलंच न्हाई."

खोक्यांकडं गेलेले हात मागं आले.

"शिवी आखाडात हितंच पडली, तुमी समद्यांनी बघितलं. अंगात रगात न्हवतं. का न्हवतं, ती तुमाला बी म्या सांगितलं न्हाई. तुमच्या पोरांस्नी पाकिटं इकत हुते, हिला फुकाट चारत हुते. लाडानं. पोटात जेवणाला जागाच ठिवली न्हाई म्या." तिनं वीरधवलकडं तोंड वळवलं. "वीरू, तू फोनवर इचारायचास, आई, समदं बरं न्हवं? म्या म्हणायची, समदं बरं हाय. तिच्या हातात सुई हुती तवा बी तसंच म्हनले. तू पोर माज्या जिवावर टाकून गेलास, आन म्याच तिला..."

भोंग्यातून नुसता श्वास ऐकू येत होता.

वीरधवलनं चौथीच्या रांगेकडं वळून विचारलं, "व्हय गं?"

"व्हय, पप्पा," शिवी म्हणाली. हाताची शीर दाखवत म्हणाली, "हितं सुई टोचली हुती. पर आता मी खो-खोत हाय."

वाकून त्यानं फुटलेलं खोकं मिटवलं, उचललं आणि जीपकडं चालायला लागला. मग दुसरं. मी धावत त्याच्या मागं गेलो.

"वीरधवल, चूक माझी आहे."

"तुमाला ठावं हुतं, सर?"

"होय."

"आन तरी माझं नाव यादीत घातलंसा?"

मी हातातली यादी घडी करून खिशात घातली.

"पोस्टवर कुणी 'समदं ठीक' असा खोटा रिपोर्ट दिला तर माणसं मरत्यात, सर," तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. आठही खोकी जीपमध्ये गेली. मला वाटलं, आता हा गाडी चालू करील आणि निघून जाईल, आणि ती बाई कायमची खाली मान घालून जगेल.

चंद्राबाई गाड्याजवळ जाऊन पोत्यावर बसली होती, हात मांडीत टाकून. वीरधवल तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. मग गणवेशाची पर्वा न करता खाली मातीत बसला.

"पुड्या किती लागत्याल?" त्यानं विचारलं.

तिनं वर पाहिलं नाही. "दोनशे बारा."

"दे कागूद."

त्याला पुडी बांधता येत नव्हती. पहिली पुडी चंद्राबाई आणि मी बघत असतानाच सुटली. शेवटी शिवी रांग मोडून आली, बापाचा अंगठा धरून तिनं कागद कसा वळवायचा ते दाखवलं, आणि मी तिला रांगेत परत जा म्हणालो नाही. मग दीपमाला आली, स्टँडवरचा दुकानदार आला. केळी-लाडू वाटून होईपर्यंत पुड्या तयार होत्या. वीरधवलनं मला खूण करून बोलावलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. मी माइकवर गेलो.

"भडंग. श्रीमती चंद्राबाई यांच्याकडून."

बारा वर्षं ती बाई त्या फाटकासमोर बसते. तिचं नाव माइकवरून पहिल्यांदा पुकारलं गेलं. टाळी पहिली कुणी वाजवली ते मला दिसलं नाही, पण शेवटपर्यंत थांबत नव्हता तो धुळा.

फेब्रुवारीत वीरधवल ठाण्यावर परत गेला. मध्यंतरी मी रोज मधल्या सुट्टीत गाड्यावर जायला लागलो होतो. चंद्राबाई घरून किटलीत चहा आणते, एक कप माझा असतो. त्या दिवशी चहा घेत होतो तेव्हा फोन वाजला. तिचे हात मिठाचे होते, म्हणून शिवीनं स्पीकरवर टाकला.

"आई, समदं बरं न्हवं?"

चंद्राबाईनं माझ्याकडं पाहिलं. मग शिवीकडं पाहिलं. शिवीनं हळूच मान हलवून नाही-नाही अशी खूण केली.

"न्हाई," चंद्राबाई म्हणाली. "गुडघा लय दुखतूया. म्हस आटलीया. आन शिवीनं आज डब्यातली मेथी गुपचूप कुत्र्याला घातली. मला म्हनली, खाल्ली. म्या बघितलंय, तवा तुला सांगतीया."

तिकडून वारा ऐकू येत होता.

"आता बरं वाटलं, आई," वीरधवल म्हणाला. "दे त्या शिवीकडं फोन."

शिवीनं मदतीसाठी माझ्याकडं पाहिलं. मी चहा प्यायला लागलो.